सात कॉम्प्युटरचं ऑफिस, टॅली आणि एक शेअर फोल्डर: सर्व्हरला स्वस्तात कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू?

काजूगर_कुडाळ

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं काजू प्रोसेसिंगचं छोटं युनिट आहे, ऑफिस, गोडाऊन आणि ग्रेडिंग मिळून सात कॉम्प्युटर. कोपऱ्यात एक जुना टॉवर सर्व्हर आहे, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. चालतोय म्हणून कोणी हात लावत नव्हतं, पण आता हार्ड डिस्क आवाज करायला लागलीय आणि सीए पण म्हणाले की ह्या विंडोजचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, अजून ह्याच्यावर हिशोब कसले ठेवताय. तर नवीन मशीन घ्यायचंच आहे. कोटेशन मागवलं. मशीनचा आकडा ठीक होता, खालच्या ओळी बघितल्या तर सर्व्हर स्टँडर्ड वेगळं, कॅल (सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येकाचं लायसन) वेगळे, रिमोटचे कॅल परत वेगळे आणि सॉफ्टवेअरचंच बिल मशीनपेक्षा जास्त. बाबांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "ह्यात काजू बी किती पोती येईल?"

सर्व्हरवर चालतं काय तर टॅलीप्राइम गोल्डचा डेटा (एका वेळी तीन जण, सीझनला चार), एक शेअर फोल्डर ज्यात एक्सेल, बिलांचे स्कॅन, लॅब रिपोर्ट वगैरे, आणि हजेरीच्या थंब मशीनचं सॉफ्टवेअर. बास. बाबा अधूनमधून घरून रिमोटने टॅली बघतात.

लिनक्स फुकट असतं एवढं ऐकून आहे पण टॅली त्यावर चालणार का? सीझन आटोपला की जूनमध्ये बदल करायचा विचार आहे. कोणी केलंय का असं?

मालवणी_खाजा

लिनक्स घाला नि गप निजा. आमच्या हापिसात डेबियन घातलेलो, माका तेचो पासवर्ड पण आता आठवणा नाय, इतक्या बरा चलता 😀

बावनदी

खाजाभाऊंचा पासवर्ड बाजूला ठेवू 🙏 मी संगमेश्वर-रत्नागिरी पट्ट्यात छोट्या ऑफिसांची ही कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमची तीन कामं एका मशीनवर आहेत म्हणून ती एकच वाटतायत, ती आधी मनात वेगळी करा. शेअर फोल्डरला विंडोज सर्व्हर लागतच नाही. लिनक्सवर सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं, तुमच्या सात विंडोज पीसींना तो फोल्डर आत्ता दिसतो तसाच दिसेल, ड्राइव्ह लेटर पण तेच ठेवता येतं, स्टाफला कळणार सुद्धा नाही. आणि त्याला कॅल नाही, सात जण जोडा नाहीतर सत्तर.

आता कोटेशन एवढं का फुगलं ते. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड प्रोसेसरच्या कोअरवर विकतात आणि कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं, तुमच्या मशीनला सहा असले तरी. २०२२ व्हर्जनची १६ कोअरची मायक्रोसॉफ्टची लिस्ट प्राइस १,०६९ डॉलर होती, हे झालं फक्त सर्व्हरचं. मग त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक मशीनमागे एक कॅल, फोल्डर उघडायचा म्हटलं तरी लागतो, नुसता आयपी नंबर (नेटवर्कवरचा पत्ता) सर्व्हरच्या डीएचसीपीकडून, म्हणजे असे नंबर वाटणाऱ्या सेवेकडून, घेतला तरी नियमाने लागतो. सर्व्हरवरच लॉगिन करून काम करायचं असेल तर आरडीएस म्हणजे रिमोटचे कॅल त्याच्या वर. आणि कॅल जुन्या व्हर्जनचे असतील तर नवीन सर्व्हरला चालत नाहीत, त्यामुळे २०१२ चे असतील ते कपाटातच राहू देत.

टॅली. लिनक्सवर सरळ चालत नाही, वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे टाकून चालवणारे भेटतील पण ज्यावर जीएसटी रिटर्न भरायचंय त्यावर असले प्रयोग करू नयेत. डेटाचा फोल्डर सांबावर ठेवता येतो, टॅलीला फक्त पाथ लागतो, पण तीन-चार जण एकदम एंट्री मारत असताना फाइल लॉकिंगची (एकाच जागी दोघांनी एकदम लिहू नये ह्याची) सेटिंग नीट नसेल तर डेटा करप्ट होऊ शकतो. होतोच असं नाही. पण झाला की मार्च एंडलाच होतो. शिवाय गोल्डचं लायसन ज्या मशीनवर बसतं ते विंडोजच लागतं. मग कशाला ओढाताण?

मी असतो तर असं केलं असतं: एक साधा चांगला पीसी, विंडोज ११ प्रो, त्याच्यावर टॅलीचं लायसन, टॅलीचा डेटा आणि थंबचं सॉफ्टवेअर. प्रोच्या लायसनमध्ये फाइल शेअरिंगला दुसरी २० डिव्हाइस चालतात, तुम्ही सात आहात. त्या पीसीवर कोणी बसायचं नाही, ब्राउझर उघडायचा नाही, पेन ड्राइव्ह लावायचा नाही, जमलं तर मॉनिटरच काढून ठेवा म्हणजे मोहच नको. आणि दुसरं मशीन लिनक्सचं, त्यात शेअर फोल्डर आणि रात्री टॅलीच्या बॅकअपची कॉपी. ह्या दुसऱ्याला नवीन सर्व्हर पण नको, जुना आय५, ८ जीबी रॅम आणि दोन नवीन डिस्क एकमेकीच्या मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा), पुष्कळ झालं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे जाता जाता, चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

लिनक्समध्ये डेबियन नाहीतर उबंटू सर्व्हरची एलटीएस (लांब सपोर्टवाली आवृत्ती), तिसरीकडे बघू नका. दोन्हीला साधारण पाच वर्षं अपडेट मिळतात, उबंटूचं प्रो खातं पाच मशीनपर्यंत फुकट आहे आणि त्यात तेच दहा वर्षं होतात, छोट्या धंद्याला चालतं. नेटवरच्या जुन्या लेखांत सगळे सेंटओएस टाका म्हणतात ते आता विसरा. सेंटओएस ८ आधी २०२९ पर्यंत चालणार होतं ते मध्येच निर्णय फिरवून २०२१ च्या डिसेंबरअखेर बंद केलं आणि ७ पण जून २०२४ ला संपलं. त्याच घराण्यातलं हवं असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी. काळ्या स्क्रीनची भीती वाटत असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट बघा, खाली डेबियनच आहे पण सगळं ब्राउझरमधून करता येतं.

मांडवी_जेटी

मध्येच विचारतो, आपली सरकारी बॉस लिनक्स का कोणी सांगत नाही? सीडॅक ह्या सरकारी संस्थेची आहे ना, आणि फुकट पण.

बावनदी

वाईट काही नाही दादा, पण ती मुळात डेबियनवरच बांधलेली आहे. अडचण आली की शोधायला जगभरचे लोक डेबियनचे सापडतात. मग मुळाशीच जाऊ की.

आंबोली_घाट

बावनदी, माहिती बरोबर पण सल्ला अर्धवट वाटतो. तुम्ही आहात म्हणून तिकडे डेबियन चालतं. कुडाळात कोण आहे? विंडोजवाला पोरगा बाजारात हाक मारली तरी मिळेल, सांबाची कॉन्फिग फाइल वाचणारा दाखवा मला. फुकट ओएस टाकायची आणि जुलैत घाटात दरड आली की कोल्हापूरचा माणूस कधी येतो म्हणून तीन दिवस वाट बघायची, त्या तीन दिवसांचे पैसे कोण धरतं हिशोबात? वरचे खाजाभाऊ हसत सांगतायत पण पासवर्ड आठवत नाही म्हणजे अपडेट पण कोणी मारलेलं नाही. चालतंय आणि सुरक्षित आहे ह्यात फरक आहे. काजूवाल्यांचा २०१२ पण चालतच होता की.

आणि एक पर्याय तुम्ही सांगितलाच नाही. विंडोज सर्व्हरचं इसेन्शियल्स एडिशन असतं, २५ युजर आणि ५० डिव्हाइसपर्यंत, त्याला कॅल लागतच नाहीत. २०२२ ची लिस्ट प्राइस ५०१ डॉलर होती, म्हणजे स्टँडर्डच्या निम्म्याहून कमी, कॅलचे वाचले ते वेगळे. एकच प्रोसेसर आणि तो पण १० कोअरपर्यंत ही अट आहे, सात पीसींना ह्याहून मोठा लागणार कशाला. सुट्टं मिळत नाही, मशीन कंपनीकडूनच मशीनसोबत घ्यावं लागतं, म्हणून गल्लीतला व्हेंडर त्याचं नाव काढत नाही. सरळ विचारा, "इसेन्शियल्स टाकून कोटेशन द्या." २०२२ ला सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहेत. पण कोणी २०१६ स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ते जानेवारी २०२७ ला संपतंय.

बावनदी

इसेन्शियल्सचं मान्य, ते लिहायला हवं होतं. फक्त त्यात स्टाफने सर्व्हरवर रिमोटने बसून काम करायचं हे धरू नका, ॲडमिनच्या कामापुरते दोन जण सोडले तर पुढे परत आरडीएस आलंच.

माणसाचा मुद्दा पण खरा आहे. म्हणूनच दोन मशीन म्हणतोय, टॅलीचं मशीन विंडोज असल्याने उद्या कोणीही बघेल. लिनक्सवालं एक दिवस बंद राहिलं तर स्कॅन उघडणार नाहीत, पण धंदा थांबत नाही.

काजूगर_कुडाळ

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं तर कोटेशनवाल्याने पण समजावलं नाही. अजून एक. इथले एक ओळखीचे म्हणाले की ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत सर्व्हर स्टँडर्डची की मिळते, ओरिजिनल, ॲक्टिव्हेट पण होते. आणि रिमोटचे कॅल कशाला, साध्या विंडोजवर एक पॅच मारला की पाच जण एकदम रिमोट करतात. खरं आहे का हे?

आंबोली_घाट

ॲक्टिव्हेट होतं हे खरं. लायसन मिळतं हे खोटं. हजार डॉलरची वस्तू पाचशे रुपयाला मिळते म्हणजे ती कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम (घाऊक) लायसनमधली की असते आणि तीच शेकडो जणांना विकलेली. कधी ब्लॉक होईल नेम नाही आणि तुमच्या नावाचं बिल-कागद काहीच हातात नाही. 

पॅचचं तर अजून वाईट. विंडोजची महिन्याची अपडेट आली की तो पॅच तुटतो, मग हळूहळू लोक अपडेटच बंद करून ठेवतात, आणि वरून राउटरमध्ये रिमोटचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवलेला असतो. रॅन्समवेअरवाल्यांना, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणाऱ्यांना, अजून काय पाहिजे. फुकटच हवं असेल तर बावनदी म्हणतात ते डेबियन टाका, ते निदान हक्काचं फुकट आहे.

बावनदी

ह्यावर आमचं एकमत 😄 बाबांच्या रिमोटसाठी पॅच नको आणि आरडीएस पण नको. बाबांच्या ऑफिसमधल्या पीसीवर विंडोज प्रो असेल तर घरून ते स्वतःच्याच पीसीवर रिमोटने येतील, एका माणसाला ते चालतं. पोर्ट उघडायचा नाही, वायरगार्ड लावा, म्हणजे आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) मग रिमोट. वायरगार्ड त्याच लिनक्स मशीनवर बसतं. आणि त्या सात पीसींत विंडोज १० किती आहेत ते बघा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सर्व्हर नवीन घेऊन क्लायंट जुने ठेवले तर काय उपयोग.

वाशिष्ठी_काठ

ओएसवर एवढी चर्चा झाली, मशीन ठेवणार कुठे ते कोणीच विचारलं नाही. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे सर्व्हर आणि त्यांच्याच शेजारी टेबलावर ठेवलेल्या बॅकअपच्या हार्ड डिस्क एकत्रच गेल्या. विंडोज होतं का लिनक्स होतं पाण्याने विचारलं नाही. कुडाळला नदीपासून लांब असाल तरी मशीन जमिनीवर ठेवू नका, भिंतीला फळी मारा, आणि बॅकअपची एक डिस्क घरी जाऊ दे. दोन डिस्क आलटून पालटून, एक ऑफिसात एक घरी.

दुसरं म्हणजे वीज. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की लाइट जाते-येते-जाते, त्या जाण्या-येण्यानेच डिस्क मरतात. सर्व्हरला स्वतंत्र यूपीएस हवा, घरच्या इन्व्हर्टरवर टाकू नका, आणि यूपीएसला यूएसबी केबल असते ती बहुतेक लोक खोक्यातच ठेवतात, ती सर्व्हरला लावा. लिनक्सवर नट नावाचं पॅकेज आहे, नेटवर्क यूपीएस टूल्स, बॅटरी उतरली की ते मशीन स्वतः व्यवस्थित बंद करतं. सेट करायला अर्धा तास लागतो पण रात्री दोनला लाइट गेली तर उठून कोणी जाणार आहे का?

अर्थिंग तपासा. गोडाऊन लांब असेल आणि उघड्यावरून लॅनची तांब्याची केबल ओढलेली असेल तर जवळपास वीज पडली की ती केबल दोन्हीकडची पोर्ट घेऊन जाते, तेवढ्या टप्प्यात फायबर टाका, दोन छोटे कन्व्हर्टर लागतात. आणि दमट खारी हवा, रॅमच्या पट्टीला हिरवट थर येतो, मशीन चालू होत नाही म्हणून लोक नवीन बोर्ड घेतात. आधी रॅम काढून खोडरबर फिरवा.

मालवणी_खाजा

खोडरबर हा आमचो कुलदैवत. निम्मे मशीन तेनाच चालू होतत.

खातेवही

मी अकाउंट्सच्या बाजूने दोन गोष्टी सांगते, ओएसमधलं मला कळत नाही.

टॅली चालू असताना, म्हणजे लोक आत एंट्री करत असताना, बाहेरून डेटाचा फोल्डर कॉपी केला तर ती कॉपी उघडेलच असं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग टॅलीचाच बॅकअप घ्यायचा, आणि ती बॅकअप फाइल दुसऱ्या मशीनवर जाऊ दे. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून बघा, नुसती कंपनी उघडली म्हणून खूश होऊ नका, स्टॅटिस्टिक्समध्ये व्हाउचरचा आकडा मूळशी जुळतो का ते बघा. बॅकअप घेतो म्हणणारे खूप भेटतात, रिस्टोअर करून बघितलाय म्हणणारे फार थोडे.

दुसरं, जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यामुळे कालचा बॅकअप आजच्याने पुसला असं ठेवू नका. रोजचे थोडे दिवस, महिन्याचे वर्षभर आणि वर्षअखेरचा एक कायमचा. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अजून एक, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉगवालं (कोणी काय बदललं त्याची नोंद ठेवणारं) सॉफ्टवेअर सक्तीचं आहे आणि तो लॉग बंद करता येणारा नको, कंपनी असाल तर पुस्तकं पण ८ वर्षं ठेवायची. प्रोप्रायटरी किंवा पार्टनरशिप असेल तर ही सक्ती नाही. मशीन बदलताना टॅलीचं लायसन जुन्यावरून सरेंडर करून मगच डिस्क काढा, नाहीतर नवीनवर ॲक्टिव्हेट करताना डोक्याला ताप.

बावनदी

ताईंचा रिस्टोअरचा मुद्दा भिंतीवर लावण्यासारखा आहे. त्याला जोडून एक गैरसमज काढतो. लिनक्स सर्व्हर आहे म्हणजे व्हायरस नाही असं लोक धरून चालतात. विंडोजचा व्हायरस लिनक्सला सहसा लागणार नाही पण एखाद्या विंडोज पीसीवर रॅन्समवेअर आलं तर तो पीसी शेअर फोल्डरमधल्या फाइल पण लॉक करणारच, कारण त्याला लिहायची परवानगी आहे. म्हणून दोन गोष्टी. डिस्कवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाइल सिस्टीम ठेवून तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली प्रत), ते सांबातून जोडले की विंडोजमध्ये राइट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये जुनी फाइल मिळते, आणि क्लायंटला स्नॅपशॉट पुसता येत नाहीत. आणि टॅलीचा बॅकअप विंडोजने लिनक्सकडे ढकलायचा नाही, लिनक्सने जाऊन उचलून आणायचा. म्हणजे विंडोजवाल्याकडे बॅकअपच्या जागेची चावीच नसते.

काजूगर_कुडाळ

बाबांशी बोललो. ठरलं असं की टॅलीसाठी विंडोज ११ प्रोचा नवीन पीसी, आणि ऑफिसमधला एक आय५ रिकामा होतोय त्यात दोन नवीन डिस्क घालून डेबियन. इसेन्शियल्सचं पण कोटेशन मागितलंय आंबोली_घाट साहेब, आकडा आला की इथे टाकतो, फार फरक नसेल तर परत विचार करू. आम्ही पार्टनरशिप आहोत त्यामुळे एडिट लॉगची सक्ती नाही पण तरी चालू ठेवणार.

शेवटची शंका. झेरॉक्स मशीन जुनं आहे, ते स्कॅन सरळ सर्व्हरच्या फोल्डरला पाठवतं. ते डेबियनला पाठवेल ना?

बावनदी

बहुतेक नाही पाठवणार. जुनी मशीन एसएमबीचं (फोल्डर शेअर करायच्या भाषेचं) पहिलं व्हर्जन बोलतात आणि सांबाने ते ४.११ पासून म्हणजे २०१९ पासून बंद ठेवलंय. चालू करता येतं पण करू नका, २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर त्याच रस्त्याने पसरलं होतं. मशीनच्या सेटिंगमध्ये स्कॅन टू एफटीपी (फाइल पाठवायची दुसरी जुनी पद्धत) आहे का बघा, असेल तर डेबियनवर फक्त त्या झेरॉक्सच्या आयपीसाठी एफटीपी उघडून देऊ, फोल्डर एकच. मॉडेल नंबर इथे टाका.

आंबोली_घाट

आणि डेबियनचा रूट (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड, वायरगार्डच्या चाव्या, डिस्क कुठल्या क्रमाने लावल्यात ते सगळं कागदावर लिहून बंद पाकिटात बाबांच्या तिजोरीत. पोरगा मुंबईला गेला की ऑफिस अडून बसायला नको.

मालवणी_खाजा

माझ्या पासवर्डाचा काय ता पण सांगा कोणीतरी

बावनदी

मशीन रीस्टार्ट करा, सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्स ह्या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट म्हणून बिन बॅश द्यायचं असतं, पुढचं व्यनित (खासगी निरोपात) सांगतो. आणि आत गेलात की आधी अपडेट मारा. पण त्याच्याही आधी बॅकअप.